मांडी घालण्याची शिकवणी

माझ्या बायकोच्या मामेभावाने आजवर कोणाच्याही 'बरं आहे' या दोन शब्दांवर विश्वास ठेवलेला नाही, आणि पुढे ठेवील असं लक्षणही दिसत नाही. आपण सगळेच एकमेकांना 'कसं काय?' विचारतो आणि उत्तर यायच्या आत पुढे निघतो. जगरहाटी त्यामुळेच सुरळीत चालते. हा गृहस्थ मात्र विचारतो आणि थांबतो. उत्तर मिळालं की आणखी थांबतो. मग त्याची नजर आपल्या चेहऱ्यावरून निघते, खांद्यांवर रेंगाळते, कमरेपाशी वळसा घेते आणि गुडघ्यांवर येऊन टेकते. जकात नाक्यावरच्या शिपायाने ट्रकच्या ताडपत्रीकडे पाहावं, तसा तो आपल्या गुडघ्यांकडे पाहतो. "बरं म्हणजे कसें?" असं त्याने विचारलं, की सकाळपासून आपण खरोखर बरे होतो की नाही, याची आपल्यालाच खात्री उरत नाही.

त्याचा धंदा लोकांना व्यायाम शिकवण्याचा. चेन्नईतल्या वेलचेरीत, संगणकवाल्यांच्या उंच इमारतींच्या गर्दीत, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्याची व्यायामशाळा आहे. मला व्यायाम शिकवणाऱ्यांचा मुळातच संशय येतो. सरकारी नोकरीत चेन्नईजवळच्या आवडी गावी क्वार्टर्समध्ये काढलेल्या वर्षांनी मला एक शिकवलं आहे, की जो माणूस दुसऱ्याच्या भल्यासाठी फार उत्साहात असतो, त्याच्यापासून चार पावलं लांब उभं राहावं. आणि आमच्या भागातल्या व्यायामशाळांच्या पाट्या तर काय वर्णाव्यात! एकीवर एक पुरुष असा काही फुगलेला, की त्याला पाहून व्यायामाची नव्हे, टाचणीची आठवण यावी. मामेभावाच्या दारावर असली पाटी नाही. आत आरसेही नाहीत. मागच्या एका पुरात तळमजल्यात पाणी शिरलं, आरसे डागाळले, ते त्याने काढले ते काढलेच. "आरसा असला कीं माणूस व्यायाम करत नाहीं, भावजी," तो म्हणाला, "पंचनामा करतो." वजनाचा काटा आहे, पण तो दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराशी ठेवलेला असतो. एखाद्या नव्या गिऱ्हाइकाने त्यावर पाय ठेवलाच, तर हा दार सोडतो आणि दार त्या माणसाच्या पाठीवर येतं. याला तो योगायोग म्हणतो. मी म्हणत नाही.

त्याचं मराठी हे आणखी एक प्रकरण. आमच्या बायकोचं माहेर तंजावरकडचं. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली ही माणसं घरात जे मराठी बोलतात, त्यातले शब्द आपल्याकडे पोथ्यांत उरलेले आणि चाल मात्र पूर्ण तमिळ. मी साताऱ्याकडचा. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो, तेव्हा मला वाटलं होतं, की एखाद्या जुन्या बखरीतली पात्रं फिल्टर कॉफी पीत बसली आहेत. मामेभाऊ तेव्हा शाळेत होता. त्याने माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि बायकोला विचारलं, "अक्का, हे उजव्या पायावर कमी भार कां टाकतात?" नवे बूट चावत असल्याचं मी सबंध दिवस कोणाला कळू दिलं नव्हतं. आमच्या परस्परसंशयाची सुरुवात त्या दिवशी झाली.

त्याचा तपास नेहमी वस्तूंपासून सुरू होतो, कारण त्याच्या मते माणसं बोलतात आणि वस्तू बोलत नाहीत, म्हणून वस्तूंवर विसंबावं. दाराबाहेर काढलेल्या चपलांचे तळ तो उलटे करून बघतो. कोणती टाच झिजली आहे यावरून कोणती कंबर दुखते हे सांगतो, आणि बहुधा बरोबर सांगतो, निदान लोक 'हो' म्हणतात. पण चपला हातात धरून उभ्या असलेल्या धिप्पाड माणसाला कोण 'नाही' म्हणेल? एक निवृत्त प्रोफेसर त्याच्याकडे यायचे. रोज पहाटे तळ्याकाठी फिरायला जातो, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. हा आधी 'सरी' म्हणाला, म्हणजे 'ठीक', आणि मग विचारलं, "वळणावरची ती पांढरी कुत्री व्याली, तिला पिल्लें किती?" प्रोफेसरांनी बराच वेळ विचार करून "चार" असं सांगितलं. वळणावर पांढरी कुत्री कधीच नव्हती.

आमच्याच घरी तो एकदा दुपारी आला, कॉफी घेण्यासाठी म्हणून स्वयंपाकघरात डोकावला आणि तिथेच उभा राहिला. "अक्का, इडलीचें भांडें खालीं कां आलें?" बायको म्हणाली, "असंच." "वरच्या फळीवर होतें." "खाली बरं पडतं." "बरं म्हणजे कसें?" इथे बायको चिडली. माझ्या घरातली भांडी कुठं असावीत हे तू सांगू नकोस, असं तिने त्याला बजावलं. त्याने कॉफी संपवली आणि जाताना म्हणाला, "हात किती वर जातो, तें मला दाखवू नको. डॉक्टरला दाखव. डॉक्टर सांगेल, मग मी." कित्येक महिने तिचा डावा खांदा आखडलेला होता आणि तिने तो माझ्यापासून लपवला होता. मी रोज त्या इडल्या खात होतो आणि भांड्याच्या स्थलांतराकडे माझं लक्षही गेलं नव्हतं.

हे 'डॉक्टर सांगेल, मग मी' मात्र त्याचं मूळचं नव्हे. काही वर्षांपूर्वी व्यायाम शिकवणाऱ्यांसाठी कुठलंसं शिबिर झालं. गिऱ्हाइकांचं आरोग्य आणि आत्मविश्वास कसा जपावा, यावर तिथे मार्गदर्शन झालं म्हणे. आत्मविश्वास ही शिबिरात वाटण्याची वस्तू आहे यावर माझा विश्वास नाही, तेव्हा मी त्याला तसं स्पष्ट सांगितलं. पण तो तिथून आला तो पालटूनच आला. त्याआधी त्याची शिकवण्याची पद्धत म्हणजे आरडाओरडा. "अय्यो, म्हैस तरी वाकते!" हे वाक्य रेल्वे स्टेशनच्या जिन्यापर्यंत ऐकू येई. शिबिरानंतर त्याचा आवाज एकदम मऊ झाला. माणसाच्या शरीराविषयी चांगलं-वाईट काही बोलायचं नाही, एकाची दुसऱ्याशी तुलना करायची नाही, जे झेपतं ते ज्याचं त्याला ठरवू द्यायचं, आणि दुखण्याचा निवाडा डॉक्टरकडे सोपवायचा, असे नियम त्याने घेतले आणि सोवळ्यासारखे पाळायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात त्याच्या शाळेतला एक इंजिनिअर घाबरून माझ्याकडे आला. "अंकल, सर माझ्याशी फार प्रेमानं बोलताहेत. माझ्या रिपोर्टमध्ये काही वाईट निघालंय का? तुम्हाला काही बोलले का?" मी त्याला धीर दिला, पण मलाही चैन पडेना. वाघाने आवाज मऊ केला तर शहाण्याने झाडावर चढावं.

मग आमच्या मुलीचं, गौरीचं, लग्न ठरलं.

मुलगा तमिळ, घरची मंडळी मैलापूरकडची, सभ्य आणि रीतीरिवाजाला पक्की. त्यांचे वाध्यार, म्हणजे पुरोहित, एक दिवस येऊन सगळा कार्यक्रम समजावून गेले. त्यांच्यात मंगळसूत्र बांधताना वधू बापाच्या मांडीवर बसते. बाप जमिनीवर पाटावर मांडी घालून बसलेला, मुलगी त्याच्या मांडीवर, समोर नवरा, आणि सबंध हॉल डोळे लावून. त्याआधी माळा घालण्याचा खेळ: वधूचा मामा, म्हणजे आमच्याकडे हा मामेभाऊच, तिला खांद्यावर उचलतो, वराचा मामा त्याला, आणि दोघं एकमेकांना चुकवत माळा घालतात. माझ्या गावाकडे यातलं काहीच नाही. कर्मकांडाचा मला मनापासून कंटाळा आहे, हे आमच्या घरातल्या भिंतींनाही ठाऊक आहे. पण वाध्यार मांडीचं बोलले, तेव्हा मी कधी नव्हे तो त्यांना ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. ही मुलगी माझ्या मांडीवर शेवटची कधी बसली होती, ते मला आठवेना. बहुतेक आवडीच्या क्वार्टर्समध्ये दिवे गेले असतील आणि ती भ्यायली असेल. शेवटची वेळ शेवटची म्हणून कळत नाही. इथे कोणी मला आणखी एक वेळ देऊ करत होतं, तीही सनईसकट.

अडचण एवढीच, की जमिनीवर मांडी घालून बसणं मी केव्हाच सोडलं होतं. माझे गुडघे वाकतात, पण हरकत नोंदवून. वाध्यार समजूतदार होते. "नो प्रॉब्लम सार, हल्ली खुर्ची पण चालते," ते म्हणाले. मला खुर्ची नको होती.

आणि चार दिवसांनी गौरीने जेवताना जाहीर केलं, की मांडीचा विधी तिला नको आहे. "मुलगी म्हणजे काय दान द्यायची वस्तू आहे का, बाबा?" तिचे मुद्दे चोख होते. इतकी वर्षं मी तिला हेच तर शिकवत आलो होतो. मला तिचा अभिमान वाटला, आणि उरलेला भात मी ताटाच्या कडेला सारला. मी म्हटलं, "तुझं बरोबर आहे." माळा घालताना मामाने उचलायचं, तेही नको, असं तिने पुढे सांगितलं. जमिनीवर उभं राहूनच माळा घालू. मी त्यालाही मान डोलावली.

मामेभावाला हे कळलं, तेव्हा त्याने ताटातला हात तसाच ठेवला. "मांडी नको, तें समजलें," तो म्हणाला. "दान नको, सरी. पण माझा खांदा कां नको?"

"तेच कारण," मी म्हटलं.

"तें कसें? मामाच्या खांद्यावर दान नाहीं. तिथें नुसता खेळ आहे. लहानपणीं माझ्या खांद्यावरून उतरायची नाहीं ही पोर." मग तो माझ्या गुडघ्यांकडे न बघता प्रथमच माझ्या डोळ्यांकडे बघत म्हणाला, "भावजी, एकाच कारणानें दोन्ही जात नाहींत. दोन्हींत सारखें काय आहे, तें बघा."

मी बघितलं नाही. मला वाटलं, याचा मान गेला म्हणून हा रुसला आहे. बायकोने मात्र भात वाढता वाढता हात थांबवला. तिने सांगितलं: ती आणि गौरी ब्लाउजची मापं द्यायला गेल्या होत्या, तेव्हा बायकोची एक आत्या सोबत होती, ती हसत म्हणाली होती, "आमच्या जावईबापूंच्या मांडीवर बसणार आहे म्हणे ही. पाट मजबूत मागवा हो, आणि बापही!" दुकानातले सगळे हसले. गौरीही हसली. घरी येताना रिक्षात ती एकदम म्हणाली होती, "आई, ते मांडीचं वगैरे जरा मागासलेलं नाही का?"

माझी मुलगी अंगाने भरलेली आहे. हे वाक्य मी इथे लिहितो आहे, पण आमच्या घरात ते कोणी कधी उच्चारलं नाही, आणि न उच्चारल्यामुळे ते नाहीसं होईल अशी आमची समजूत होती. ती माझ्या मांडीवर बसली आणि माझे गुडघे सबंध हॉलसमोर बोलले, तर लोक कोणाला हसतील, हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं.

मी उठलो. "मी आत्ता तिच्याशी बोलतो. तिला सांगतो, तू छान दिसतेस."

"कांहीं बोलूं नका!" मामेभाऊ जवळजवळ ओरडला. शिबिरानंतर त्याचा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "छान म्हटलें, कीं तिला कळेल, तुम्ही मोजत होतां."

मला हे शिबिरातलं पोपटपंचीचं ज्ञान वाटलं. पण दुसरा उपाय माझ्याकडे नव्हता. त्याने काय केलं, तर गौरीला जाऊन एवढंच सांगितलं, की विधी असो वा नसो, बाकीच्या होमहवनाला भावजींना जमिनीवर बसावंच लागणार. त्याच्याकडे वेळ कमी, तेव्हा तिनेच मला मांडी घालायला शिकवावं, कसं ते तो दाखवील. मला त्याने आधी हाडांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. ते म्हणाले, बसा, पण हट्टाने नको. आणि आमच्या दिवाणखान्यात रोज सकाळी शिकवणी सुरू झाली. आधी उशांच्या ढिगावर, मग एकेक उशी काढत. ऑफिसला जायच्या आधी गौरी कॉफीचा पेला हातात घेऊन माझ्यासमोर बसायची. "बाबा, चेहरा असा करू नका, कोणी मारत नाहीये तुम्हाला." मी म्हणायचो, "माझा चेहरा जन्मापासून असाच आहे." "नाही हो, फोटो आहेत."

एका रविवारी मामेभाऊ तांदळाच्या पिशव्या घेऊन आला. नुसतं बसून भागणार नाही, मांडीला भार सोसायची सवय हवी, म्हणाला. कशासाठी, ते बोलला नाही. गौरीनेही विचारलं नाही. त्याने एक पिशवी तिच्या हातात दिली. "ठेव." तिने ती माझ्या मांडीवर ठेवली. "आणखी एक." ती बिचकली. "मामा, बाबांना झेपेल का?"

"मला कां विचारतेस? मांडी कोणाची?"

"बाबा?"

"ठेव," मी म्हटलं.

असे किती रविवार गेले, मला आठवत नाही. पिशव्या वाढत गेल्या. माझ्या मांडीवर पोन्नी तांदळाचं दुकान मांडलं आहे असं पाहून खालच्या मजल्यावरच्या बाई दूध द्यायला आल्या त्या दारातूनच परत गेल्या. दर पिशवीला गौरी माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचो. मला दुखत नव्हतं असं नाही, पण मामेभाऊ समोरच होता आणि खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. दुखलं की मी दुखतंय म्हणायचो, मग तो पायाखाली घडी सरकवायचा आणि पुन्हा तिच्याकडे बघायचा. शेवटच्या रविवारी ती पिशवी ठेवता ठेवता थांबली. माझ्या मांडीवरच्या ढिगाकडे तिने बराच वेळ पाहिलं. हळूच म्हणाली, "पुरे, मामा. एवढंच."

मामेभावाने हातातली पिशवी खाली ठेवली. तिला तिच्या वजनाचा आकडा त्याने कधी विचारला नव्हता, आणि किती पिशव्या झाल्या हेही त्याने मोजलं नाही. ते फक्त तिला माहीत होतं. मी तेवढ्या तांदळाखाली बसून कॉफी मागितली. ती कॉफी आणायला आत गेली, आणि बऱ्याच वेळाने आली.

जाताना मामेभाऊ दाराशी चप्पल घालत होता. ती त्याला म्हणाली, "वाध्यारांना फोन कर. सगळं त्यांच्याप्रमाणेच होऊ दे." तो 'सरी' म्हणाला आणि जिना उतरला. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मला त्याचाही संशय आला. त्याला आपला चेहरा दाखवायचा नसावा.

लग्नाच्या दिवशी त्याने मंडपामागे खांद्यांना तेल लावून व्यायाम केला. मग सगळ्या हॉलसमोर, फोटोग्राफर ओरडत असताना, वधूला शांतपणे विचारलं, "गौरी, तयार आहेस कां? तयार नसशील तर तेंही ठीक." ती म्हणाली, "मामा, लवकर!" आणि त्याने तिला उचललं. वराचा मामा एक बारीक, चष्मेवाला गृहस्थ होता. त्याने वराला कमरेपर्यंत नेलं आणि तिथेच दोघंही थांबले. गौरी वरून माळ धरून हसत होती. आत्याही टाळ्या वाजवत होती.

मग मी पाटावर बसलो. मांडी घातली. ती आली, नऊवारी सावरून माझ्या मांडीवर बसली, आणि मला लगेच कळलं, की ती बसलेली नाही. तिने सगळा भार आपल्याच पायांवर धरून ठेवला होता. तिची पाठ माझ्या छातीपाशी थरथरत होती. समोर वाध्यार मंत्र म्हणत होते, कोणाला काही दिसत नव्हतं. नादस्वरवाल्यांना खूण झाली. मंगळसूत्राच्या क्षणी सगळी वाद्यं एकदम कडकडतात, दुसरा कुठलाच आवाज कानी पडू नये म्हणून. त्या आवाजात मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "बस गं नीट."

ती बसली. तिचा सगळा भार माझ्या अंगावर आला, आणि माझे गुडघे काहीही बोलले नाहीत. बोललेच असतील, तर वाद्यांत ऐकू आलं नाही. तिने डोकं मागे टाकून क्षणभर माझ्या खांद्यावर ठेवलं. अक्षतांचा पाऊस आमच्या दोघांच्या डोक्यांवर पडत होता.

मग ती उठली. त्यांच्या बाजूला गेली. सगळा हॉल तिकडे सरकला, आणि पाटावर मी एकटाच राहिलो. गर्दीतून मामेभाऊ आला. कमरेला रेशमी वेष्टी, म्हणजे त्यांच्याकडचं धोतर, अंगाला तेलाचा वास. मला उठवायला त्याने हात पुढे केला.

"मांडीला मुंग्या आल्यात," मी म्हटलं.

"पाय पसरा, भावजी. झाडा. उतरतील."

"राहू दे जरा."

त्याने हात मागे घेतला. मग काही न विचारता तो माझ्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. पलीकडे हशा चालू होता, गौरीचा आवाज त्यातून वर येत होता. मी पाय हलवला नाही, पण मुंग्या उतरायला फार वेळ लागला नाही.